दोन विहिरी, एक टाकी

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत लोक पाणी कशाकशातून घेऊन येत, ते आधी सांगतो. खोकल्याच्या औषधाची बाटली, माक्याच्या तेलाची बाटली, रॉकेलचा धुतलेला डबा, आणि एकदा तर लग्नात आलेला चांदीचा तांब्या, वरून फडकं बांधलेला. एक म्हातारे शेतकरी डब्यातल्या पाण्यावर तरंगणारा तवंग दाखवून म्हणाले, "साहेब, हिरीत कुणीतरी कायतरी सोडलंय बघा." आमचे प्रयोगशाळा सहायक रशीदभाई यांनी डबा नाकाशी नेला आणि शांतपणे म्हणाले, "करडी का तेल है चाचा. घर सेच लाए तुम."

म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही नमुना घ्यायला शिकवायचो. बाटली स्वच्छ हवी, तरीही ती त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. काठावरचं नाही, मधलं पाणी घ्यायचं. बुडबुडा न ठेवता भरायची आणि त्याच दिवशी आणून द्यायची. एवढं केलं की पुढचं काम आमचं. त्या पाण्यात काय आहे, किती आहे, आणि ते काढता येईल का, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. मुलांना शिकवलं ते तेच, आणि संशोधन केलं तेही तेच.

संपादकांनी या अंकासाठी त्या नोकरीबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा बढत्या आणि परिषदा वगळायच्या हे मी लगेच ठरवलं. एका गावाबद्दल लिहायचं हे ठरवायला मात्र बरेच दिवस लागले.

माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या स्वभावाचा वाटा आहे. फर्दापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात माझ्या वडिलांची मेंढरं होती. तालुक्याच्या गावी एका शिक्षकांच्या ओसरीवर राहून मी शाळा शिकलो. पुढे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वसतिगृहात राहून अभियंता झालो आणि त्याच शहरात शिकवायला लागलो. घरात पदवी घेतलेला मी पहिला. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांचे उपकार मी विसरलो नाही, विसरणारही नाही. पण उपकार मानत मोठं झालेल्या माणसाला एक सवय लागते. कुणी बसायला खुर्ची दिली, चहा विचारला, की त्याला नाही म्हणणं जिवावर येतं.

ते दिवस शहर वाढण्याचे होते. चिकलठाण्याला, वाळूजला, पैठण रस्त्यावर चितेगावच्या बाजूला एकेक कारखाना उभा राहत होता. आमच्या विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळत होत्या, आणि त्याचा आम्हाला आनंद होता. तेच दिवस नामांतराचेही होते. मोर्चे निघायचे, एसटी बंद पडायची, वर्ग ओस पडायचे. खेड्यांतून ऐकू येणाऱ्या बातम्या वाईट असत. विद्यापीठाच्या नावाबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. बाजूनं नाही आणि विरोधातही नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचो, "मी पाण्याचा माणूस आहे."

अशाच एका सकाळी कौसाबाई आल्या. पन्नाशीच्या, काटक. रोजगार हमीच्या कामावरची खडी फोडून हात फुटलेले. बाटलीचं बूच त्यांनी कागदात गुंडाळून पक्कं केलं होतं. बाटली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "जयभीम सायेब. ह्ये पाणी पिवळं कामून दिसतंय, तेवढं सांगा."

पाणी उजेडात धरलं. अगदी फिकट पिवळं, गवती चहाच्या पहिल्या उकळीसारखं. मी विचारलं, "गावच्या विहिरीचं का?"

"गावची हीर वर हाय, देवळापाशी. ही आमच्या वस्तीची, खाली, नाल्याच्या अंगाला. गावच्या हिरीवर आमी जात नाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "जाऊ देत नायत."

क्रोमियम नावाचा एक धातू आहे. लोखंडी वस्तूंना चकचकीत मुलामा देण्यासाठी तो वापरतात. त्याचं एक रूप फारसं बाधत नाही, दुसरं विषारी असतं. ते विषारी रूप ओळखायची परीक्षा सोपी आहे. नमुन्यात थोडं आम्ल टाकायचं, मग एका रंगहीन द्रावणाचे थेंब. पाणी चांगलं असेल तर काही होत नाही. कौसाबाईंच्या पाण्यात थेंब पडले आणि नळी जांभळट गुलाबी झाली. रशीदभाईंनी नळी माझ्या हातातून घेतली, पुन्हा उजेडात धरली आणि जाळीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पैठणच्या एसटीनं चितेगावपर्यंत गेलो आणि तिथून चालत त्या गावी. नाल्याच्या वरच्या अंगाला मुलामा देणारा एक छोटा कारखाना होता. त्याचं सांडपाणी नाल्यात, नाल्याचं पाणी मातीतून वस्तीच्या विहिरीत. कारखान्याच्या मालकानं आम्हाला फाटकाच्या आत घेतलं नाही. सरकारी कचेऱ्यांत केलेल्या आमच्या अर्जांना त्या काळी जी उत्तरं मिळायची तीच मिळाली, म्हणजे मिळाली नाहीत.

गावात सरपंच भाऊराव यांनी मात्र अगत्य केलं. ओसरीवर खुर्ची टाकली, घरात चहा सांगितला. "सर, मूळचे कुठले तुम्ही?" मी सांगितलं. वडिलांचं, मेंढरांचं सांगितलं. ते मोकळं हसले. "म्हंजी आपलेच की! मंग परके असल्यासारखं बसू नका, मागं रेला." गावची विहीर त्यांनी स्वतः दाखवली. तिचं पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. ती चढावर होती, वस्तीची उतारावर. कोणती विहीर कुठं असणार हे कारखाना येण्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं.

माझ्या लहानपणी आम्ही मेंढरं घेऊन परक्या गावात जायचो, तेव्हा विहिरीवर आमचाही नंबर शेवटी लागायचा. वडील काठावर बसून राहायचे. ते मला तिथं आठवलं, आणि कौसाबाईंचं दुःख आपल्याला कळतं असं मी धरून चाललो. पण वडील शेवटी का होईना, स्वतःच्या हातानं पाणी शेंदत. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

उपाय मला माहीत होता. अशा पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचं हिरवट मीठ, टाकली की विषारी क्रोमियम साध्या रूपात येतं. मग चुन्याची निवळी घातली की ते गाळ होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळून घ्यायचं. पुस्तकात होतं, पण गावात, विजेशिवाय, बायकामाणसांच्या हातानं चालेल असं कुणी करून पाहिलं नव्हतं. माझ्या पीएचडीला विषय हवाच होता. औरंगपुऱ्यातल्या एका रंगाच्या दुकानातून हिराकस आणली, पुड्या बांधल्या आणि वस्तीच्या विहिरीशेजारी तीन हौद बांधायला घेतले. वस्तीतल्या माणसांनी खोदकाम केलं. वाळूची गाडी आणि सिमेंटची पोती सरपंचांनी पाठवली. मी भारावून गेलो.

पहिला हौद लिंपत असताना कौसाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "सायेब, एक इचारू? ह्ये पाणी तुमी चांगलं केलं, तर आमाला कायमचं ह्येच प्यावं लागंल का?"

"चांगलं झाल्यावर प्यायला काय हरकत आहे, कौसाबाई?"

"हरकत नाय. पण नळाची स्कीम येणार हाय म्हणत्यात. गावच्या हिरीवरून. आमी त्यात नाव मागतोय. नामांतराचा ठराव झाला त्या साली गिरणीवर आमचं दळण बंद केलं होतं, तवापासून मागतोय. आता भाऊराव वाळू देतोय. वाळू फुकट कोण देतं?"

मला राग आला. इतक्या मेहनतीचं काम चाललेलं, सरपंचांनी आपणहून मदत केलेली, आणि ही बाई संशय घेते. मी म्हणालो, "सगळ्याच गोष्टीत राजकारण पाहू नये." त्या उठल्या, पदर खोचला आणि घमेलं उचलून कामाला लागल्या.

हौद चालले. महिन्याभरानंतरच्या नमुन्यात गुलाबी रंगाचा मागमूस उरला नव्हता. रशीदभाईंनी नळी सगळ्या वर्गांतून फिरवून दाखवली. त्या आनंदात मी अहवाल लिहिला. आमच्या धंद्यात अहवालाच्या शेवटी शिफारस लिहायची पद्धत आहे. आकडे लिहून थांबलं की अहवाल अपुरा वाटतो. मी लिहिलं, "प्रक्रियेनंतर पाणी पिण्यास योग्य आहे. त्यामुळे वस्तीसाठी पर्यायी स्रोताची तातडीची आवश्यकता राहत नाही." पहिलं वाक्य माझ्या परीक्षानळीतून आलं होतं. दुसरं कुठून आलं, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. वाळूची गाडी, ओसरीवरची खुर्ची, आणि आपलं यंत्र पूर्ण आहे असं म्हणायची हौस, या सगळ्यांतून ते आलं असावं. अहवालाची एक प्रत मी सरपंचांना आदरानं नेऊन दिली.

नळयोजना आली, तेव्हा यादीत वस्तीचं नाव नव्हतं.

त्यासाठी भरलेल्या ग्रामसभेला मला मुद्दाम बोलावलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या, आणि पुढं दोन खुर्च्या, एक सरपंचांची, एक माझी. वस्तीतली माणसं पायऱ्यांखाली उभी होती. सरपंचांनी माझं दुसरं वाक्य मोठ्यानं वाचलं. शिक्का दाखवला. "आमी म्हणत नाय, सर म्हणतात. मोठ्या कॉलेजात शिकवतात सर. वस्तीला पाणी हाय, चांगलं हाय. मंग पाइप कशाला वाढवायचा?"

पायऱ्यांखालून कौसाबाई बोलल्या. "चांगलं हाय ना भाऊराव?"

"कागद खोटा हाय का?"

"मंग एकच टाकी करा. आमच्या हिरीचं साफ केलेलं पाणी तिच्यात ओता, गावच्या हिरीचं बी ओता. समद्यांना एकच नळ. उन्हाळ्यात गावची हीर तळाला जाते, तुमचंच भलं हुईल."

कुणीतरी मागून हसलं. "घ्या! मावशी टाकी बांधून देणार!" आणखी दोघं हसले. मग हसू एकदम थांबलं. सगळ्यांना एकाच वेळी ती टाकी दिसली असावी, आणि तिच्या नळाखाली स्वतःच्या घरची घागर.

भाऊराव माझ्याकडे वळले. आवाजात तेच अगत्य. "सर, असं दोन हिरींचं पाणी एकत्र करता येतं का हो? शास्त्रानुसार?"

शास्त्रानुसार येतं. शहरोशहरी करतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. सगळा व्हरांडा माझ्याकडे बघत होता, आणि मी भाऊरावांनी दिलेल्या खुर्चीवर बसलो होतो. मी म्हणालो, "त्यासाठी अभ्यास करावा लागेल."

"ऐकलं का?" भाऊराव सभेला म्हणाले. "अभ्यास करावा लागतो. असं मनाला येईल ते करता येत नाय." ठराव झाला. कौसाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या वळून उतारानं खाली गेल्या.

रशीदभाई सभेला माझ्याबरोबर आले होते. परतीच्या एसटीत चितेगाव मागं पडल्यावर म्हणाले, "साब, पानी में पानी मिलाने कू कायका अभ्यास?"

पुढच्या उन्हाळ्यात नाला आटला आणि विहिरीतलं विष घट्ट झालं. मी हिराकशीची मात्रा वाढवायला सांगितली. मात्रा वाढली की पाण्यात लोखंड उरतं. पाणी तुरट लागतं, भात काळपट होतो. तिथं गेलो तेव्हा कौसाबाईंच्या सुनेनं मला चहा दिला. तो शाईसारखा काळा होता.

"प्या," कौसाबाई म्हणाल्या. "तुमच्याच हौदाचा हाय."

मी प्यालो. लोखंडाची चव जिभेवरून संध्याकाळपर्यंत गेली नाही. मग मी विचारलं, "रोज असाच पिता?"

"खुळे हाव का आमी? पाव्हण्याला देतो. आमी हिरीचंच पितो. पिवळं हाय, पण गोड लागतंय."

बोलता बोलता त्यांनी घागर ओणवून नातीच्या ओंजळीत पाणी ओतलं. पोरगी घटाघटा प्याली आणि हात झटकून निघून गेली. मी तिला अडवण्यासाठी उठलो होतो. कौसाबाई म्हणाल्या, "बसा सायेब. तिला अडवाल, मंग दुसरं काय पाजाल? वरच्या हिरीचं आणता का? का अजून अभ्यास चाललाय?"

विष चवीला बरं आणि औषध चवीला वाईट, ही गोष्ट माझ्या कोणत्याच तक्त्यात नव्हती. हौद बांधले तेव्हा ते रोज कोण चालवणार, गाळ कोण उपसणार, बायका कामावर गेल्या तर पुड्या कोण टाकणार, हे मी विचारलं नव्हतं. प्रबंधात चांगल्या महिन्यांचे आकडे होते आणि माझे मार्गदर्शक त्यावर खूश होते. उन्हाळ्याचे आकडे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते काळजीनं म्हणाले, "अहो, हे घातलंत तर परीक्षक विचारतील, मग सिद्ध काय केलंत? तुमच्या घरात पहिला डॉक्टर होताय. नीट विचार करा." माझं त्यांनी नेहमीच भलं चिंतलं. त्या वेळीही भलंच चिंतत होते.

मी ते आकडे घातले. प्रबंध दोन वर्षं लांबला. त्याचं मला फार काही वाटलं नाही, कारण त्याआधी मला दुसरं एक काम करायचं होतं आणि त्याची मला जास्त भीती वाटत होती. पंचायतीला आणि तालुक्याच्या कार्यालयाला मी पत्र लिहिलं, की माझ्या अहवालातलं दुसरं वाक्य मी मागं घेतो. मग पुढच्या ग्रामसभेला न बोलावता गेलो. पहिल्या सभेला वर्ष उलटून गेलं होतं.

भाऊरावांनी तरीही खुर्ची मागवली. मी म्हणालो, "राहू द्या, उभाच बरा आहे." त्यांना ते लागलं. मलाही लागलं. त्या माणसानं माझ्याशी कधी वावगा शब्द वापरला नव्हता.

मी म्हणालो, "गेल्या सभेत तुम्ही मला विचारलं होतं, दोन विहिरींचं पाणी एकत्र करता येतं का. येतं. तेव्हाही मला माहीत होतं. वस्तीचे हौद नीट चालले, रोज कुणी जबाबदार माणूस त्यांच्यावर असला, तर ते पाणी पिण्यास योग्य आहे. मग ते तुम्हीही प्यायला हरकत नाही. ते हौद तसे चालणार नसतील, आणि आज ते चालत नाहीत, तर ते पाणी कुणीच पिऊ नये. वस्तीनंही नाही. वस्तीला योग्य आणि गावाला अयोग्य असं पाणी मला माहीत नाही. तसा अहवाल मी देऊ शकत नाही."

"सर," भाऊराव हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आपले म्हणून..." पुढचं त्यांनी गिळलं.

मागून एक म्हातारा ओरडला, "म्हंजी त्यांचं पाणी आमच्या टाकीत?"

"हौद नीट चालवायचे असतील तर," मी म्हणालो. "चालवायचे नसतील तर तुमचं पाणी त्यांच्याकडे जायला हवं. दोन्हींतलं एक ठरवा." आणि पायऱ्या उतरून खाली, वस्तीतली माणसं उभी होती तिथं जाऊन उभा राहिलो. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे वर काय ठरतंय ते ऐकत होते.

फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं अडलेलं काम त्या दुपारी चहा गार व्हायच्या आत मिटलं. पाइप वाढवायचा, वस्तीत नळ द्यायचे, पाणी गावच्या विहिरीचं. विरोध कुणीच केला नाही. उलट ज्यांनी मागच्या खेपेला हसून बोलणं उडवून लावलं होतं, तेच घाईनं हात वर करत होते. वस्तीचं पाणी वर येण्यापेक्षा आपलं पाणी खाली गेलेलं त्यांना परवडत होतं.

काही महिन्यांनी नळ आले. मी आणि रशीदभाई नमुना घ्यायला गेलो. बाटली विसळली, भरली, तिथंच थेंब टाकून पाहिले. पाणी जसंच्या तसं राहिलं, नितळ. नळावर बायकांची गर्दी होती. भांडणंही चालली होती, नंबरावरून. रशीदभाई त्यांच्यात शिरून मोठ्या उत्साहानं सगळ्यांना नळी दाखवत होते. "देखो खाला, कुछ रंग नै, कुछ बास नै!"

कौसाबाई घागर भरून बाजूला आल्या. मी म्हणालो, "कौसाबाई, मिळालं एकदाचं. एकच टाकी तुम्ही मागितलीत म्हणून मिळालं. तुम्हाला ठाऊक होतं ना, ते घाबरून देतील?"

त्यांनी घागर खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं ते थोडं आश्चर्यानंच.

"न्हाय वो सायेब," त्या म्हणाल्या. "म्या खरंच मागितली होती."

मग त्यांनी चुंबळ डोक्यावर नीट बसवली, मला घागरीला हात लावायला सांगितलं, आणि उचलून दिल्यावर घराकडे निघाल्या.